चिंताजन्य कंप : स्वरूप, सामना आणि आधार

प्रस्तावना : शेळगाव (ता. इंदापूर, जि. पुणे) यांसारख्या गावात ग्रामसभेत बोलताना किंवा बँकेत सर्वांसमक्ष सही करताना एखाद्याचा हात थरथरतो. पाहणारे त्याचा संबंध भित्रेपणाशी अथवा व्यसनाशी जोडतात. परिणामी ती व्यक्ती सभेत आपला प्रश्न मांडणेच सोडून देते. प्रस्तुत लेखात या कंपाची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

कारणमीमांसा : निरोगी हातातही सेकंदाला साधारणतः ८ ते १२ आवर्तनांचा सूक्ष्म कंप असतोच. भीतीच्या वेळी स्रवणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळे तो वाढून दृश्य होतो. 'लोकांना दिसेल' या विचाराने भीती वाढते व भीतीने कंप वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे.

उपाय : थायरॉईडचे विकार, दम्याची काही औषधे यांमुळेही हात कापतात, म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. कंप चिंताजन्य असल्यास प्रसंग टाळू नयेत. प्रथम घरच्यांसमोर, नंतर बचत गटात व शेवटी ग्रामसभेत, अशा टप्प्यांनी सामोरे जावे. श्वास सावकाश सोडावा. 'माझा हात थोडा कापतो' असे आधीच सांगितल्यास लपविण्याचा ताण उरत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य समुपदेशन मिळते.

समारोप : हात स्थिर होईपर्यंत थांबण्याची गरज नाही; कापऱ्या हाताने केलेली सहीदेखील सहीच होय. ऐकणाऱ्यांनी हाताकडे न पाहता म्हणणे ऐकावे, हाच त्या व्यक्तीस समाजाचा खरा आधार होय.