सुरातली बासरी कशी निवडावी

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची. अशा यात्रांत खांद्यावरच्या काठीला चहूबाजूंनी बासऱ्या खोचलेला, सिनेमाच्या गाण्याची धून वाजवत हिंडणारा बासरीवाला भेटतो. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या हाती पहिलं वाद्य येतं ते त्याच्याकडून. आठवडाभरात ते कोपऱ्यात पडतं आणि पोराला गळा नाही, कान नाही, असं घरचे ठरवून टाकतात. दोष बहुधा बासरीचा असतो.

बांबूचं एक पेर दुसऱ्यासारखं नसतं. आतली पोकळी कमीजास्त, भिंत कुठे जाड, कुठे पातळ. एकाच मापावर तापल्या सळईने भराभर भोकं पाडली, तर दहा बासऱ्या दहा वेगळ्या सुरांत बोलतात. चांगला कारागीर लांब पेराचा, पातळ भिंतीचा, नीट वाळलेला बांबू घेतो. भोक आधी लहान पाडतो, फुंकून ऐकतो, कणाकणाने मोठं करतो. एकदा जास्त मोठं झालं की बासरी गेली. महाग बासरीत पैसे मोजायचे ते या ऐकण्याचे. रंगीत दोऱ्याचे नव्हेत. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत या कामाचं जुनं केंद्र, आणि तिथे बांबू येतो आसामातून.

तोंडात धरून फुंकायच्या पाव्याची गोष्ट थोडी निराळी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ मध्ये पत्र्याचा सहा भोकांचा पावा बनवायला घेतला. आयर्लंडच्या लोकसंगीतात असा पावा आजही मानाने वाजतो. पत्र्याची नळी ठरल्या मापाची निघते, म्हणून स्वस्त पावाही बऱ्यापैकी सुरात मिळू शकतो. बांबूला ही सवलत नाही.

दुसऱ्या टोकाला मैफिलीची बासरी. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ख्यालाला पेलेल अशी लांब, भारदस्त आवाजाची बासरी घडवली आणि तिला सातवं भोकही दिलं. आज मैफिलीत बहुधा पांढरी तीन या पट्टीची, सुमारे अडीच फुटांची बासरी दिसते. तिची किंमत हजारांत जाते आणि नवशिक्याची बोटंही तिच्या भोकांपर्यंत पोचत नाहीत. लहान मुलाला आखूड, चढ्या पट्टीची द्यावी. मोठ्याला पांढरी पाच किंवा सहा सोयीची.

घेताना वरची तीन भोकं झाकून षड्ज लावा आणि मोबाइलवरच्या तानपुऱ्याशी जुळवा. मग सहाही झाकून मंद्र पंचम. तसंच जोर वाढवून मध्य पंचम काढा. दोन्ही पंचम एकमेकांशी जुळले नाहीत, तर बासरी कितीही देखणी असली तरी ठेवून द्या. उजेडाकडे धरून चीर पाहा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक. त्यात बांबू तडकतो. गाडीत, पत्र्याखाली बासरी ठेवू नये, अधूनमधून तेलाचा हात द्यावा. टोकांना गुंडाळलेला दोरा शोभेपुरता नसतो, तो चीर रोखतो.

यात्रेतली बासरी हौसेने घ्या, मुलांना फुंकू द्या. पण मूल शिकायला लागलं, की त्याची पहिली बासरी शिक्षकांना वाजवून पाहायला लावा आणि मगच पैसे द्या.