ऑपरेशनला घाबरणारा सर्जन

व्हायवाच्या आधी तुमच्या पोटात गोळा येतो ना? थॉमस स्टार्झल यांच्याही यायचा. फक्त त्यांची व्हायवा ऑपरेशन टेबलवर असायची. माणसावर लिव्हर ट्रान्सप्लांट करणारे हे जगातले पहिले सर्जन. आणि 'द पझल पीपल' या आत्मचरित्रात ते चक्क कबूल करतात, की मोठ्या ऑपरेशनआधी आपल्याला भीतीनं मळमळायचं, पेशंट दगावेल या विचारानं जीव अर्धा व्हायचा.

स्टार्झल १९२६चे, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले. आई नर्स, वडील वृत्तपत्राचे संपादक (म्हणजे आमच्याच लाइनीतले!). डॉक्टरकी आणि मेंदूविज्ञानातली पीएचडी असं दोन्ही त्यांनी केलं. लिव्हर बदलण्याचा सराव मात्र वर्षानुवर्षं कुत्र्यांवर. हे वाचताना मला कसंतरीच झालं, तुम्हालाही होईल.

१ मार्च १९६३, डेन्व्हर. टेबलवर तीन वर्षांचा मुलगा. जन्मापासून त्याचे पित्तमार्ग नीट बनलेलेच नव्हते. ऑपरेशन सुरू झालं आणि रक्त थांबेचना. मुलगा टेबलवरच गेला. पुढच्या पेशंटला रक्त गोठावं म्हणून औषधं दिली, तर गुठळ्या होऊन थेट फुफ्फुसात पोचल्या. एक चूक सुधारायला जावं तर तोच उपाय जिवावर उठावा! त्या वर्षी त्यांनी पाच जणांना नवं लिव्हर बसवून पाहिलं. सगळ्यात जास्त जगलेला पेशंट २३ दिवस जगला.

मग स्टार्झल थांबले. तीन वर्षांहून जास्त काळ त्यांनी माणसावर लिव्हरचं एकही ट्रान्सप्लांट केलं नाही. मला विचाराल तर अख्ख्या करिअरमधलं हे सगळ्यात अवघड काम असणार. आपली एक एटीकेटी लागली तर आपण पेपर सेट करणाऱ्याला शिव्या घालतो. इथे तर हिशेब जिवांचा होता.

थांबले म्हणजे गप्प बसले असं नाही हं. आपलं शरीर परक्या अवयवावर हल्ला करतं, ही खरी गोची. किडनीच्या पेशंटवर त्यांनी अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड एकत्र वापरून हा हल्ला रोखून दाखवला होताच. आता घोड्यांच्या रक्तापासून आणखी एक औषध तयार झालं. १९६७च्या जुलैमध्ये ते पुन्हा ऑपरेशनला उभे राहिले. पेशंट होती १९ महिन्यांची मुलगी, लिव्हरला कॅन्सर. ती वर्षाहून जास्त जगली. मग कॅन्सर परतला आणि गेली. तरीही, नवं लिव्हर माणसाच्या शरीरात टिकू शकतं हे सिद्ध झालं होतं.

पुढची उडी मातीतून आली, अगदी शब्दशः! सायक्लोस्पोरिन हे औषध मातीतल्या बुरशीपासून मिळालं. १९८०पासून स्टार्झल ते लिव्हरच्या पेशंटना द्यायला लागले आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलं. नंतर ते पिट्सबर्गला गेले. १९८९मध्ये तिथे त्यांनी टॅक्रोलिमस वापरलं. हे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून बनतं. आज मुंबई-पुण्यात ट्रान्सप्लांट झालेल्या कुणाच्याही गोळ्यांचा डबा उघडा, बहुतेक वेळा ही गोळी दिसेलच.

तुमच्यापैकी कुणाला या लाइनीत जायचं असेल, तर आपल्याकडचा हिशेब असा: इंटर्नशिपसकट एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, त्यावर एमसीएच तीन. नीट तीनदा, दर वेळी वेगळी. बोटं मोजून घ्या. शिवाय अवयव कधी मिळेल याला टाइमटेबल नाही, त्यामुळे फोन रात्री तीनलाही वाजतो.

१९९० मध्ये स्टार्झल यांची स्वतःचीच बायपास झाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी ऑपरेशन करणं सोडलं. संशोधन नाही सोडलं. त्यांनी जुन्या पेशंटना परत बोलावून तपासलं, काहींचं ट्रान्सप्लांट होऊन वीस-बावीस वर्षं झालेली. त्यांच्या त्वचेत, रक्तात अवयवदात्याच्या पेशी अजून जिवंत सापडल्या. त्यातल्या काहींनी तर गोळ्या कधीच्याच बंद केल्या होत्या आणि तरी ठणठणीत होते! मग शरीर आणि नवा अवयव यांची दोस्ती होते का? ज्या औषधांवर त्यांनी आयुष्य घालवलं, तीच कमीत कमी कशी देता येतील, या प्रश्नाच्या ते मागे लागले. ४ मार्च २०१७ला ते गेले, तेव्हा एक्क्याण्णवावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.