दुप्पट वजनाचं खूळ

जिममध्ये नाव घालून दोन-तीन महिने झाले, की बहुतेकांच्या डोक्यात एक आकडा ठाण मांडून बसतो: स्वतःच्या वजनाच्या दुप्पट डेडलिफ्ट. रील्समधला कोणी सांगतो, जिममधला जुना मेंबर सांगतो, कधी ट्रेनरच सांगतो. ७५ किलोचा गडी मग १५० किलोची तारीख ठरवून टाकतो, बहुधा ३१ डिसेंबर. गणपतीपर्यंत त्याच्या कमरेत उसण भरते आणि दसऱ्याला तो ‘डेडलिफ्ट हा प्रकारच वाईट’ असं लोकांना सांगत फिरत असतो. यात चुकतं ते ध्येय, कारण ते दुसऱ्याच्या शरीरावरून उसनं आणलेलं असतं.

डेडलिफ्ट दिसायला अगदी सोपा. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा, सरळ उभं राहायचं, पुन्हा खाली ठेवायचा. मांड्यांच्या मागचे स्नायू, नितंब, कण्याला धरून ठेवणारे पाठीचे स्नायू आणि हाताची पकड, हे सगळे एकाच वेळी कामाला लागतात, म्हणून बहुतेक लोक बारने केलेल्या इतर बहुतेक व्यायामांपेक्षा यात जास्त वजन उचलतात. मोह होतो तो त्यामुळेच.

पण एक गोष्ट लक्षात येत नाही. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. पाच फुटी माणसासाठीही तेवढाच आणि सहा फुटी माणसासाठीही तेवढाच. ज्याचे हात लांब, त्याला कमी वाकावं लागतं. ज्याचे हात आखूड आणि धड लांब, त्याला तेच वजन जास्त वाकून, कमरेवर जास्त ताण घेऊन उचलावं लागतं. गल्लीतल्या जिममध्ये १० किलोच्या प्लेट आकाराने लहान असतात, त्यामुळे बार आणखी खाली जातो. नवशिक्याला वजन हलकं मिळतं, पण सुरुवातीची स्थिती मात्र सगळ्यांत अवघड मिळते. अशा वेळी प्लेटखाली लाकडी ठोकळे किंवा दुसऱ्या प्लेट ठेवून बार वर आणावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता ‘दुप्पट’चा हिशेब. स्नायूची ताकद साधारणपणे त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. शरीराचं वजन मात्र घनफळाप्रमाणे वाढतं. त्यामुळे माणूस आकाराने मोठा होत जातो तसं त्याचं वजन ताकदीच्या पुढे पळतं. ६० किलोचा माणूस १२० किलो उचलत असेल, तर त्याच ठेवणीच्या आणि त्याच तयारीच्या १०० किलोच्या माणसाकडून या हिशेबाने १७० किलोच्या आसपास अपेक्षा धरता येते. म्हणजे १.७ पट. दोघांची मेहनत सारखी, पण ‘वजनाच्या इतक्या पट’ मोजणाऱ्या तक्त्यात पहिला पास आणि दुसरा नापास. शिवाय हे वरचे ४० किलो सगळ्या शरीरभर सारखे वाटलेले आहेत असं आपण धरलं. ते पोटावर असतील, तर तक्ता आणखी खोटा ठरतो.

जगातल्या मोठ्या नावांकडे पाहिलं तर हे लख्ख दिसतं. अमेरिकेच्या लॅमार गँटने १९८५ साली ६० किलो वजनी गटात ३०० किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या पाचपट उचलणारा तो पहिला माणूस. त्याच्या कण्याला बाक होता, धड आखूड आणि हात विलक्षण लांब. वैद्यकीय भाषेत ज्याला व्यंग म्हणतात, त्याच ठेवणीने डेडलिफ्टमध्ये त्याला हात दिला. (यावरून पाठीला बाक असलेल्यांनी उद्याच बार धरावा, असा अर्थ कृपया काढू नये.) दुसऱ्या टोकाला इंग्लंडचा एडी हॉल. ९ जुलै २०१६ रोजी लीड्समध्ये त्याने ५०० किलो उचलले. तोपर्यंत ते कोणालाही जमलं नव्हतं. हाताला पट्टे बांधायची मुभा होती, तरीही बार खाली ठेवल्यावर तो कोसळला आणि नाकातून रक्त आलं. त्याचं स्वतःचं वजन तेव्हा १८० किलोच्या वर होतं. भागाकार करून पाहा: तीन पटही भरत नाही. पटीच्या तक्त्याने मोजायचं, तर पाचशे किलो उचलणारा गडी गँटच्या जवळपासही फिरकत नाही.

मग ध्येय ठरवायचं कशावरून? आज आपण नीट काय उचलतो, त्यावरून. एकदाच उचलता येईल असं कमाल वजन दर आठवड्याला अजमावायची गरज नसते. ते आकडेमोडीने काढता येतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक बॉइड एप्ली यांचं सूत्र जिममध्ये सर्रास वापरलं जातं. जितक्या वेळा उचललं (म्हणजे जितके रेप काढले) त्या संख्येला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. ८० किलो पाच वेळा उचलले, तर एकदाचं कमाल सुमारे ९३ किलो. दहा रेपच्या पुढे हे सूत्र ढिलं पडतं, आणि पाचवा रेप पाठ वाकवून काढला असेल तर तो मोजायचाच नाही.

या ९३ वरून पुढचं ध्येय १५० नाही. ते १०० आहे, आणि त्यासाठी तीन महिने द्यायचे. मला स्वतःला याहून लांबचं ध्येय ठेवण्यात फारसा अर्थ दिसत नाही, कारण प्रगतीचा वेग सारखा बदलत असतो. सुरुवातीचे काही आठवडे वजन भराभर वाढतं. स्नायू तेव्हा फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंना जास्त नीट कामाला लावायला शिकत असतात. त्या काळात दर खेपेला पाच किलो वाढले तरी नवल नाही. मग अडीच. मग दोन-दोन आठवडे काहीच नाही. हा टप्पा आला, की लोक ट्रेनर बदलतात, सप्लिमेंट बदलतात, बूट बदलतात. खरं म्हणजे तिथे नवखेपणा संपलेला असतो, एवढंच. दर आठवड्याला अडीच किलो वाढतच राहिले असते, तर ६० किलोपासून सुरुवात करणारा कोणीही दोन वर्षांत ३२० वर पोचला असता आणि लॅमार गँटचं नाव आपण ऐकलंही नसतं.

शिवाय वर्ष ५२ आठवड्यांचं असतं ते कॅलेंडरात. गणपती, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, एखादा व्हायरल ताप आणि ऑफिसचा मार्च एवढं वजा केलं, की नोकरदार माणसाच्या हाती चाळीसेक आठवडे उरतात. ध्येय त्यांवरच बेतावं. सुट्टीनंतर परतताना आधीच्या वजनापेक्षा बरंच खाली, पाऊणपटीने सुरुवात करावी. गेलेली ताकद पहिल्यांदा कमावली त्याहून लवकर परत येते.

आकडेच हवे असतील तर जिममध्ये पाहून बांधलेला माझा ठोकताळा देतो. तो शास्त्र म्हणून घेऊ नये. तिशीतला, ७० किलोचा, धडधाकट पण व्यायामाची सवय नसलेला पुरुष ४० ते ५० किलोवर तंत्र शिकतो आणि सातत्य ठेवलं तर वर्षभरात १०० किलोच्या आसपास पोचतो. ५५ ते ६० किलोची स्त्री २० ते ३० किलोवर सुरुवात करून ६० च्या घरात जाते. कोणी पुढे, कोणी मागे. आठवड्यातून एक-दोनदा डेडलिफ्ट पुरतो, आणि प्रत्येक सेटमध्ये अजून दोन रेप निघाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. ८० किलोचे पाच रेप पुढच्या महिन्यात आठ झाले, तर तीही वाढच आहे. बारवर नवी प्लेट चढली नाही म्हणून ती कमी ठरत नाही.

‘बाईमाणसाने जड उचलू नये’ हे वाक्य अजून घराघरात ऐकू येतं. तेच घर भरलेला गॅस सिलिंडर सरकवायला बाईलाच सांगतं, आणि तो तीस किलोच्या आसपास असतो. या समजुतीला ऑस्ट्रेलियातून चांगलं उत्तर मिळालं आहे. ग्रिफिथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या सुमारे शंभर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांचं सरासरी वय ६५ च्या आसपास होतं. त्यांतल्या एका गटाकडून आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन उचलणं करून घेतलं. वजनही लुटुपुटुचं नव्हतं: स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारली. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र सगळं प्रशिक्षित देखरेखीखाली झालं आणि पहिला महिना हलक्या वजनावर तंत्र शिकण्यात गेला. नेमका हाच महिना आपल्याकडे गाळला जातो.

साठीतल्या स्त्रीचं ध्येय काय असावं, हेही यातून कळतं. सत्तरीत नातवंडाला उचलता यावं, प्रवासात बॅग स्वतःची स्वतः चढवता यावी. त्यासाठी तिला ४० किलो पुरेसे आहेत आणि १०० ची गरज नाही.

उच्च रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याच्या चकतीचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जड वजन उचलताना माणूस श्वास रोखून पोट आवळतो आणि त्या क्षणी रक्तदाब बराच चढतो.

आणि वहीत पहिला आकडा लिहिण्याआधी तुमच्या जिममधला रॉड वजनकाट्यावर ठेवा. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगचा पुरुषांचा बार २० किलोचा असतो, महिलांचा १५ चा. आपल्याकडच्या लहान जिममधले रॉड बऱ्याचदा आठ-दहा किलोचेच असतात, पण मोजताना सगळे वीस धरतात. वहीत १०० लिहिलेलं असतं आणि उचललेले असतात ८८. काटा जो आकडा दाखवेल, तिथूनच हिशेब सुरू करा.