नाव सांगा, मत मिळवा

स्वतंत्र भारताची पहिली मोठी निवडणूक १९५१-५२ साली झाली. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर त्याची खूण. खूण बघायची, त्या पेटीत मत टाकायचे.

पण आधी मतदार यादीत नाव हवे. यादी करणारे घरोघर गेले. बिहार, राजस्थान अशा राज्यांत कित्येक बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. “मी अमक्याची आई,” “मी तमक्याची बायको,” एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख बाया यादीतून गळाल्या. त्यांचे मत बुडाले.

आता १८ वर्षे पुरी झालेल्या नागरिकाला मताचा हक्क आहे. बाई असो की गडी, मताचे मोल सारखेच.

ताई, दादा, तुम्हांला आता वाचता येते. यादी बघा. आपले नाव बोट ठेवून वाचा. नसेल, तर नोंदवा.