भोपाळच्या ठेल्यावरचा घास

भोपाळच्या जुन्या शहरात, पीर गेट आणि चौकाच्या आसपास सकाळी फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हटकून दिसते. एका मोठ्या परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग रचलेला असतो व त्याखालून वाफ निघत असते. शेजारच्या कढईत जिलबीची वेटोळी फुलत असतात. भोवती उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले तर त्यांत हातगाडी ओढणारा हमाल असतो, कचेरीत निघालेला कारकून असतो, शिकवणीहून परतणारा विद्यार्थी असतो आणि बँकेतला अधिकारीही असतो. खुर्ची कोणालाच नाही. प्रत्येकाच्या हातात तोच द्रोण आणि प्रत्येकाकडून घेतलेले दामही तेवढेच.

घराबाहेर इतक्या थोड्या पैशांत इतके चवदार अन्न मिळते कसे? त्यात कोणाची फसवणूक तर होत नाही ना? ते पोटाला मानवेल ना? हे प्रश्न साधे दिसतात. परंतु शहरातील असंख्य कष्टकऱ्यांचा रोजचा आहार व तितक्याच कुटुंबांची उपजीविका या प्रश्नांत गुंतलेली आहे. म्हणून त्यांचा थोडा विचार केला पाहिजे.

भोपाळच्या ठेल्यांवर जे विविध पदार्थ दिसतात, त्यांच्या मागे त्या शहराचा इतिहास आहे. १८१९ पासून १९२६ पर्यंतचा बहुतेक काळ या संस्थानाची सूत्रे एकामागून एक चार बेगमांच्या हाती होती. जुन्या शहराचा बाजार, जामा मशिदीभोवतालचा चौक आणि इब्राहीमपुऱ्यासारखे मोहल्ले यांवर त्या काळाची छाप अद्याप आहे. इब्राहीमपुऱ्यातील एका गल्लीला तर लोकांनी 'चटोरी गली' असेच नाव देऊन टाकले आहे. चटोरी म्हणजे जिभेचे चोचले पुरविणारी. संध्याकाळ झाली की तेथे निखाऱ्यावर सीख कबाब भाजले जातात, पायाचा रस्सा उकळतो आणि रमझानच्या रात्री तर पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. तोपर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. तेथील कचेऱ्यांतून, तसेच ग्वाल्हेर आणि इंदूर येथूनही सरकारी नोकर बिऱ्हाडासह भोपाळास आले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्यासाठी जी वसाहत उभी राहिली, तिला तात्या टोपे यांचे नाव मिळाले. तिच्यातच आजचे न्यू मार्केट आहे. त्याच सुमारास विजेची अवजड यंत्रे तयार करणारा सरकारी कारखाना निघाला आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले. गाव बदलले तरी भूक बदलत नाही. बिऱ्हाड लागेपर्यंत आणि पगार हाती पडेपर्यंत बाहेरचा घास स्वस्तात मिळणे ही अशा नवागतांची पहिली गरज असते. ठेल्यांचा खरा आश्रयदाता हाच वर्ग होय.

आता पोह्यांचेच उदाहरण घेऊ. मराठी गृहिणी कढईत फोडणी करते, तीत कांदा परतते, भिजविलेले पोहे टाकते आणि झाकण ठेवून एक वाफ काढते. नागपूरकर त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. माळव्यात आणि भोपाळात रीत थोडी निराळी आहे. तेथे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात मांडून ते वाफेवर ठेवतात. फोडणीत बडीशेप असते, चवीला साखरेचा गोडवा असतो आणि वाढताना वरून शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर व लिंबू पडते. या रीतीमागे शहाणपण आहे. खाली सतत वाफ असल्यामुळे पोहे दोन तास झाले तरी कोरडे पडत नाहीत, तळाशी लागत नाहीत आणि गरमही राहतात. तेलही बेताचेच लागते. एका माणसाला शेकडो लोकांना ताजा घास देता यावा, अशीच ही योजना आहे. जोडीला जिलबी घेण्याची तिकडची चाल नव्या माणसास चमत्कारिक वाटते. परंतु तिखट, आंबट आणि गोड यांचा असा मेळ एकदा जिभेस कळला की मग नवल वाटेनासे होते.

तीच गोष्ट चहाची. अन्यत्र 'सुलेमानी' म्हटले म्हणजे बिनदुधाचा चहा समजतात. भोपाळच्या जुन्या शहरात मात्र त्या नावाने दूध घातलेला आणि चिमूटभर मीठ टाकलेला चहा मिळतो. मिठाचे नाव ऐकून पाहुणा प्रथम बिचकतो. पण ते मीठ इतके अल्प असते की खारटपणा न जाणवता चहाचा कडवटपणा तेवढा दबतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे अन्न स्वस्त का? पहिले कारण असे की, ठेलेवाला बहुधा एक किंवा दोनच पदार्थ करतो. उपाहारगृहात पन्नास पदार्थांची तयारी ठेवावी लागते. त्यांतील कित्येक खपत नाहीत आणि वाया जातात. त्या नासाडीचा पैसा शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो. ठेल्यावर परात रिकामी झाली की दुकान बंद. दुसरे कारण म्हणजे दुकानाचे भाडे, मेजखुर्च्या, पंखे आणि वाढपी यांचा खर्च त्यास नसतो. तिसरे कारण खपाचे. समजा, एका प्लेटीमागे दोनच रुपये सुटले. पण सकाळच्या प्रहरी तीनशे प्लेटा गेल्या तर सहाशे रुपये होतात. थोडा नफा आणि मोठा खप, हे त्याचे साधे गणित आहे.

चौथे कारण मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. पहाटे चार वाजता उठून कांदा चिरणारी त्याची पत्नी, मंडईतून कोथिंबीर आणणारा भाऊ आणि शाळेपूर्वी भांडी विसळणारा मुलगा यांची मजुरी त्या हिशेबात कोठेच लिहिलेली नसते. आपल्या द्रोणातील स्वस्ताईचा एक वाटा या न मोजलेल्या श्रमांतून येतो. म्हणून ठेल्यावर रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि मोठ्या उपाहारगृहात मुकाट्याने बिल देणारा गिऱ्हाईक न्यायाने वागतो, असे म्हणवत नाही.

स्वस्त म्हणजे वाईट, हा समज चुकीचा. तद्वत् स्वस्त म्हणजे सारेच चांगले, हाही समज चुकीचाच. ठेला पारखावा कसा, याची काही गमके आहेत. रोगजंतू साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. म्हणून जो पदार्थ डोळ्यांसमोर उकळतो, भाजला जातो किंवा वाफेवर राहतो, तो पुष्कळ अंशी सुरक्षित. निखाऱ्यावरून थेट पानात आलेला आणि आतपर्यंत नीट शिजलेला कबाब अथवा वाफाळते पोहे यांची भीती कमी. उलट, सकाळी शिजवून उघड्यावर ठेवलेला भात संध्याकाळी परतून दिला, तर तो गरम असूनही बाधू शकतो. कारण त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. गर्दीच्या ठेल्यावर खावे, असे अनुभवी माणसे सांगतात ते यासाठीच. तेथे माल पडून राहत नाही.

दुसरी कसोटी पाण्याची. पाणीपुरीस भोपाळात 'फुलकी' म्हणतात. तिच्या पाण्यात पुदिना, चिंच आणि मीठ असले म्हणून ते पाणी शुद्ध झाले असे होत नाही. पाणी कोठून येते, ते झाकलेले असते काय आणि देणारा त्यात हात बुडवितो की पळी वापरतो, एवढे पाहण्यास क्षणभरच लागतो. कापून ठेवलेल्या फळांविषयीही हीच दक्षता हवी.

तिसरी कसोटी तेलाची. तेच तेल वारंवार तापविले म्हणजे ते काळसर व चिकट होते, त्यावर फेस येतो आणि लवकर धूर निघू लागतो. अशा बिघडलेल्या तेलातील विशिष्ट संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेले तर ते तेल वापरू नये, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाजवळ मोजण्याचे यंत्र नसते हे खरे. परंतु डोळे आणि नाक तर असते!

चौथी कसोटी वर्तमानपत्राच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. भजी, कचोरी किंवा पोहे छापील कागदावर देण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. गरम आणि तेलकट पदार्थात छपाईची शाई उतरते, आणि तिच्यातील द्रव्ये शरीरास अपायकारक असतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये याविषयी इशारा दिला व २०१८ च्या नियमांनी ही प्रथा निषिद्ध ठरविली. सकाळचे वर्तमानपत्र वाचावे, घडी घालून ठेवावे. त्याचे ताट मात्र करू नये. पळसाच्या पानाचा द्रोण त्याहून शतपटीने बरा.

परंतु स्वच्छतेचा सारा भार एकट्या ठेलेवाल्यावर टाकून चालेल काय? ज्याला जवळपास नळ नाही, सांडपाण्यास गटार नाही आणि उद्या आपली गाडी याच जागी उभी राहील की नाही याचीही खात्री नाही, त्याने चांगल्या भांड्यांत आणि झाकणांत पैसे गुंतवावेत कशाच्या भरवशावर? जागेची शाश्वती आणि अन्नाची शुद्धता यांचा संबंध असा निकटचा आहे.

आपल्या न्यायव्यवस्थेने आणि कायद्याने हा संबंध सावकाश का होईना, ओळखला. रस्त्यावर विक्री करणे हा योग्य नियमनाच्या अधीन असलेला, घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग यांच्या खटल्यात दिला. पुढे २०१४ मध्ये संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात विक्रेत्यांची पाहणी व्हावी, त्यांना प्रमाणपत्र मिळावे आणि पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठवू नये, असे ठरले. नगर समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सारे व्यवहार थांबले, तेव्हा रोज कमावून रोज खाणाऱ्या या वर्गाच्या चुली विझण्याची वेळ आली. त्यानंतर त्या वर्षीच्या जून महिन्यापासून केंद्र सरकारने त्यांच्यासाठी तारणाशिवाय दहा हजार रुपयांच्या पहिल्या कर्जाची योजना सुरू केली. कायद्याचे शब्द चांगले आहेत. त्यांची अंमलबजावणी कितपत होते, हे प्रत्येक नागरिकाने आपल्या गावात पाहावे.

पादचाऱ्याचाही रस्त्यावर हक्क आहे, हे विसरून चालणार नाही. पदपथ अडवून गाड्या लागल्या तर म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चालावे कोठून? येथे सिंगापूरचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथेही एके काळी रस्तोरस्ती फेरीवाल्यांची दाटी होती. १९६८-६९ मध्ये त्यांची नोंदणी झाली; मग त्यांच्यासाठी छप्पर, नळ आणि गटारे असलेल्या इमारती बांधण्यात आल्या आणि १९८६ पर्यंत त्यांना तेथे जागा देण्यात आल्या. विक्रेत्यास हाकलून न देता त्यास सोयीची जागा दिली, हे त्यातले मर्म. चिनी, मलायी आणि भारतीय लोक तेथे शेजारी शेजारी बसून स्वस्तात जेवतात, आणि या संस्कृतीची नोंद २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात केली. तरीही तेथे एक चिंता आहेच. विक्रेत्यांचे वय साठीच्या घरात गेले असून, श्रम फार आणि मिळकत बेताची म्हणून तरुण मंडळी या धंद्यात सहजासहजी येत नाहीत. नळ आणि छप्पर देता येते. पण हातची चव पुढच्या पिढीकडे जावी, तर श्रमाला मोलही मिळाले पाहिजे.

भोपाळातही आज सायंकाळी न्यू मार्केटच्या परिसरात आणि अरेरा कॉलनीतील दहा नंबरच्या बाजारात कुटुंबेच्या कुटुंबे ठेल्यांभोवती उभी असतात. बेगमांच्या काळचा कबाब, माळव्याचे पोहे आणि दक्षिणेचा डोसा एकाच संध्याकाळी एकाच शहरात खाता येतो. शिवाशीव आणि पंक्तिभेद यांनी जे अंतर शतकानुशतके राखले होते, ते अशा ठिकाणी नकळत कमी होते. व्याख्यानांनी जे साधत नाही, ते कधी कधी एका गरम द्रोणाने साधते.

तेव्हा ठेल्यापाशी उभे राहिलेल्या गिऱ्हाइकाने चार गोष्टी पाळाव्यात. पाणी, तेल आणि हात पाहून मगच मागावे. छापील कागदावर दिले तर गोड शब्दांत द्रोण मागावा. उष्टे द्रोण रस्त्यावर न फेकता टोपलीत टाकावेत. आणि जो माणूस नेकीने स्वच्छ अन्न देतो, त्याच्याकडे पुनःपुन्हा जावे, चार जणांना त्याचे नाव सांगावे आणि दाम देताना हात आखडू नये. अन्नाची तपासणी करणारा सरकारी अधिकारी वर्षातून एखादे वेळी येईल; गिऱ्हाईक मात्र रोज येतो. त्याने आपली पारख जागी ठेवली, तर पहाटे चारला पेटलेल्या त्या चुलीचे चीज होईल आणि हमालाच्या हातातील घास स्वस्तही राहील, शुद्धही राहील.