मिस्सा : जुना व नवा विधी

रोमन कॅथलिक पंथाच्या प्रमुख उपासनेच्या स्वरूपावरून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) त्या पंथातच उद्‌भवलेला वाद. मिस्सा म्हणजे येशू ख्रिस्ताचे शिष्यांसमवेतचे अखेरचे भोजन व क्रुसावरील त्याचे आत्मबलिदान यांचे विधिपूर्वक स्मरण होय. या विधीत भाकरी व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. मराठीत या उपासनेस ख्रिस्तयाग असेही म्हणतात. याग आणि भोजन ही तिची दोन अंगे असून त्यांपैकी कोणते अंग विधीतून ठळकपणे व्यक्त व्हावे, हा वादाचा गाभा आहे.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी मिस्साचे यागस्वरूप नाकारले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) ते निक्षून प्रतिपादिले आणि तदनुसार पोप पाचवा पायस याने १५७० मध्ये प्रमाण उपासनाग्रंथ प्रसृत केला. दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक पद्धतींना मात्र त्यातून सूट होती. या विधीत धर्मगुरू व भाविक दोघेही वेदीकडे तोंड करीत. भाषा लॅटिन असे आणि मध्यवर्ती प्रार्थना धर्मगुरू मंद स्वरात म्हणे. हा विधी चार शतके जसाच्या तसा राहिला, ही समजूत बरोबर नाही. बाराव्या पायसने १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाचे विधी बदलले, तर तेविसाव्या जॉनने १९६२ मध्ये मध्यवर्ती प्रार्थनेत संत जोसेफचे नाव घातले. परंपरावादी आज सामान्यतः वापरतात ती हीच १९६२ ची आवृत्ती.

व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संहिता ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केली. तीत लॅटिन टिकवावी, परंतु लोकभाषांना अधिक वाव द्यावा, असे म्हटले होते. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे, असे तीत कोठेही नाही. पोप सहावा पॉल याने १९६९ मध्ये मान्य केलेला नवा विधी त्याच वर्षी ३० नोव्हेंबरपासून अंमलात आला. त्यात वेदीच्या पायथ्याशी म्हणावयाच्या प्रार्थना गळल्या, अर्पणाच्या प्रार्थना बदलल्या, एका मध्यवर्ती प्रार्थनेच्या जागी चार आल्या आणि रविवारच्या बायबल-वाचनांचे चक्र एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे झाले. जुन्या करारातील वाचनांना मिळालेले स्थान ही नव्या विधीची निर्विवाद जमेची बाजू होय.

लॅटिन विरुद्ध लोकभाषा असे या वादाचे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे, कारण नवा विधीही लॅटिनमध्ये करता येतो. नव्या रचनेत यागाची कल्पना झाकोळली जाऊन ट्रेंटच्या सिद्धांतास बाध येतो, असा आक्षेप कार्डिनल ओत्ताव्हियानी व बाच्ची यांनी १९६९ मध्येच पोपकडे नोंदविला. उलट, भाविकांचा सहभाग ही आद्य ख्रिस्ती समाजाचीच परंपरा असून नव्या विधीने तिचे पुनरुज्जीवन केले, असे समर्थकांचे म्हणणे. इंग्लंडमध्ये जुन्या विधीच्या रक्षणासाठी लेखक-कलावंतांनी निवेदन दिले. त्यांत ॲगाथा ख्रिस्तीसारख्या कॅथलिक नसलेल्या व्यक्तीही होत्या. १९७१ मध्ये तेथे मर्यादित परवानगी मिळाली.

फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये स्थापिलेल्या धर्मगुरुसंघाने नवा विधी नाकारला. पोपच्या इच्छेविरुद्ध त्यांनी १९८८ मध्ये चार बिशपांना दीक्षा दिली व ते बहिष्कृत ठरले. परंपरेच्या नावाने पोपच्याच आज्ञेचा भंग करावा लागणे, हा या पक्षापुढील मोठा पेच आहे. सोळाव्या बेनेडिक्टने २००७ मध्ये जुना विधी कोणत्याही धर्मगुरूस खुला केला आणि २००९ मध्ये त्या चार बिशपांवरील बहिष्कार उठविला. फ्रान्सिसने मात्र २०२१ मध्ये बिशपची अनुमती पुन्हा आवश्यक केली. जुन्या विधीचा आश्रय घेऊन परिषदच नाकारली जाते, असे त्याचे कारण त्याने दिले.

भारतात वसई परिसरात मराठी व गोव्यात कोकणी मिस्सा रूढ झाल्या. येथील वाद अधिक रंगला तो भारतीयीकरणावरून. पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, आरती, तेलाचे दिवे इ. बारा बाबींना रोमने १९६९ मध्ये मान्यता दिली, तेव्हा हे हिंदुकरण आहे, अशी टीका काही कॅथलिकांनीच केली. केरळमधील सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा विधी रोमन नाही. पण दिशेचा प्रश्न तेथेही तीव्र झाला. तिच्या धर्मसभेने २०२१ मध्ये मिस्साचा मध्यवर्ती भाग वेदीकडे तोंड करून करण्याचा नियम सर्वत्र लागू केला. एर्नाकुलम–अंगमाली महाधर्मप्रांतातील बहुसंख्य धर्मगुरूंनी तो मानला नाही. कारण अर्धशतक लोकाभिमुख मिस्सा पाहिलेल्या तेथील भाविकांना तीच परंपरा वाटत होती. तंट्यामुळे २०२२ च्या अखेरीस तेथील मुख्य चर्च बंद ठेवावे लागले.