संत्र्यातला ट्रिस्टेझा: स्ट्रेन कसा ओळखतात?

मुलुंडच्या बाजारात येणारे नागपुरी संत्रे वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातले. तिथल्या झाडांना ट्रिस्टेझा विषाणूचा धोका असतो. तो झाडात आहे, एवढे कळून भागत नाही. कोणता स्ट्रेन (विषाणूचा उपप्रकार) आहे, यावर नुकसान ठरते.

प्रसार

रोगट झाडाची डोळकाडी कलमाला वापरली की विषाणू थेट रोपात उतरतो. बागेत तो मावा पसरवतो. 1930 नंतरच्या काळात ब्राझील आणि अर्जेंटिनात आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे यानेच मेली. विदर्भात प्रामुख्याने वापरला जाणारा जंभेरी खुंट तो बराच सोसतो.

स्ट्रेनमधला फरक

टी-30 सौम्य असतो. टी-36 मुळे आंबट संत्र्याच्या खुंटावरचे झाड झपाट्याने वाळते. व्हीटी गटातले अनेक विषाणू खोडाच्या लाकडावर खाचा पाडतात. झाड खुरटते, फळ बारीक राहते. एकाच झाडात अनेक स्ट्रेन नांदू शकतात.

जुन्या चाचण्या

संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरायचा आणि पानांच्या शिरा फिक्या पडतात का, हे पाहायचे. त्यात काही आठवडे ते महिने जात. एलायझा चाचणी लवकर होते, पण सर्वसाधारण एलायझात स्ट्रेन कळत नाही.

आरटी-पीसीआर

स्ट्रेन ओळखायला ही चाचणी वापरतात. पानाची मधली शीर किंवा कोवळी साल घेऊन त्यातला आरएनए वेगळा करतात. त्याचा डीएनए बनवून ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतात. या विषाणूचा आरएनए सुमारे 19,300 अक्षरांचा. स्ट्रेननुसार जिथे अक्षरक्रम बदलतो, तिथेच जुळणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरले की त्या त्या स्ट्रेनचीच प्रत निघते. अनेक प्रायमर एकत्र वापरून मिश्र संसर्गही पकडता येतो.

मर्यादा

विषाणू झाडात सगळीकडे सारखा नसतो, म्हणून नमुना चारही बाजूंच्या फांद्यांचा घ्यावा. अनोळखी स्ट्रेनला प्रायमर जुळला नाही, तर पूर्ण अक्षरक्रम वाचावा लागतो.

बागायतदाराने काय करावे?

लागण झालेल्या झाडावर औषध नाही, त्यामुळे लढाई रोपवाटिकेतच जिंकावी लागते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या अतिसूक्ष्म टोकाचे कलम करून रोगमुक्त रोपे तयार केली जातात. कलमे घेताना मातृवृक्षाच्या तपासणीचा अहवाल मागा. तो नसेल, तर रोपे घेऊ नका.